फावड्याच्या आधी चिंधी: वारसा रेल्वेवर स्वयंसेवक होताना

जतन केलेल्या जुन्या रेल्वेवर स्वयंसेवक म्हणून गेलात, तर पहिल्या दिवशी हातात फावडं येत नाही. शिट्टीची दोरी तर लांबच राहिली. येते ती रॉकेल आणि तेलात भिजवलेली चिंधी, आणि समोर उभं असतं थंडगार, काजळी धरलेलं इंजिन. "चाकांपासून सुरू करा," एवढंच सांगून कुणीतरी आपल्या कामाला निघून जातं. पुष्कळ जण इथेच हिरमुसतात. वाफेची गाडी हाकायची म्हणून आलेले असतात, तीन शनिवार नुसती पुसापुशी झाली की चौथ्या शनिवारी फिरकत नाहीत. मला त्याचं फार वाईट वाटतं. चिंधी ही या कामाची पहिली इयत्ता आहे, आणि ती गाळून वर जायची वाट कुठल्याच चांगल्या रेल्वेवर नाही. कुठून सुरुवात करायची, काय विचारायचं, काय घालायचं आणि वाफेपर्यंत पोचायला काय काय शिकावं लागतं, ते क्रमाने सांगतो.

या गाड्या चालतात कुणाच्या जिवावर

वेल्समधल्या टॅलिथ्लिन रेल्वेपासून ही गोष्ट सुरू होते. पाटीचा दगड खाणीतून खाली आणण्यासाठी १८६५ च्या सुमारास बांधलेला हा अरुंद मार्ग. १९४६ साली खाण बंद पडली, १९५० साली मालक सर हेन्री हेडन जोन्स वारले आणि रेल्वे मोडीत जाणार हे जवळजवळ ठरलंच होतं. तेव्हा काही रेल्वेप्रेमींनी बर्मिंगहॅममध्ये सभा घेतली, संस्था काढली आणि १४ मे १९५१ रोजी स्वयंसेवकांच्या हातून पहिली गाडी सुटली. चालू स्थितीतलं इंजिन त्यांच्याकडे एकच होतं, डोलगॉक. रूळ इतके खचलेले, की जागोजागी गवतानेच ते धरून ठेवले होते म्हणायचे. स्वयंसेवकांनी वाचवून चालवलेली जगातली ही पहिली रेल्वे. १९५५ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळच्या पफिंग बिलीसाठी संस्था उभी राहिली, १९६० साली इंग्लंडमध्ये ब्लूबेल रेल्वे सुरू झाली, आणि मग ही लाट पसरतच गेली.

पण मला स्वतःला सगळ्यात भिडते ती वेल्समधल्याच फेस्टिनिओग रेल्वेची हकिगत. तिथे जलविद्युत प्रकल्पाच्या जलाशयात जुन्या मार्गाचा एक तुकडा बुडाला. स्वयंसेवकांनी काय करावं? १९६५ साली कुदळी-फावडी घेऊन डोंगरात सुमारे चार किलोमीटरचा नवा मार्ग खणायला घेतला. चढ मिळवण्यासाठी रूळ पूर्ण वळसा घेऊन स्वतःच्याच डोक्यावरून जातात, अशी रचना केली. बोगद्यासाठी खाणकामाची माहितगार माणसं आणावी लागली, बाकी बरंचसं काम सुट्टीच्या दिवशी येणाऱ्या हौशी हातांचं. १९७८ साली गाडी जलाशयाच्या पलीकडे पोचली. त्या तेरा वर्षांत तिथे राबलेल्या कितीतरी जणांनी इंजिनाला कधी हातही लावला नसेल. तरी आज तिथून जाणारी प्रत्येक गाडी त्यांच्या खांद्यावरून जाते.

रेल्वे निवडताना

घराजवळची रेल्वे निवडा. सांगायला साधी गोष्ट आहे, पण बहुतेकांची पहिली चूक इथेच होते. लांबची, मोठ्या नावाची, भव्य इंजिनांची रेल्वे मोह घालते. पण हे काम अंगात मुरतं ते वारंवार गेल्याने. महिन्यातून दोनदा जाता येईल अशी छोटी रेल्वे वर्षातून दोनदा जमणाऱ्या प्रसिद्ध रेल्वेपेक्षा तुम्हाला कितीतरी जास्त शिकवेल. छोट्या ठिकाणी माणसंही कमी असतात, त्यामुळे एकाच दिवसात तुम्ही सकाळी खडी भराल, दुपारी डबा झाडाल आणि संध्याकाळी राख काढाल.

आधी तिकीट काढून प्रवासी म्हणून जा. गाडीत बसून राहू नका. फलाटावर फिरा, शेडच्या कुंपणापाशी उभे राहा, आणि तिथली जुनी माणसं नव्या पोराशी कशी बोलतात ते ऐका. चूक झाल्यावर ओरडतात की जवळ बोलावून दाखवतात? यावरून त्या जागेचा स्वभाव कळतो. पसंत पडली तर स्वयंसेवकांचं काम बघणाऱ्या व्यक्तीला गाठून चार गोष्टी थेट विचारा: कामाचे दिवस कोणते, शिकवतं कोण, वर्षाला कमीत कमी किती पाळ्या कराव्या लागतात, आणि स्वयंसेवकांना कुठल्या कामापर्यंत जाता येतं.

शेवटचा प्रश्न विसरू नका. सगळ्याच वारसा रेल्वे स्वयंसेवक चालवत नाहीत. अमेरिकेत कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिको यांच्या सीमेवरून वळसे घेत जाणारी कुंब्रेस अँड टोल्टेक ही ६४ मैलांची रेल्वे घ्या. तिथे गाड्या चालवतो तो पगारी कर्मचारीवर्ग, आणि स्वयंसेवकांची संस्था उन्हाळ्यात आठवड्या-आठवड्याची शिबिरं घेऊन जुने डबे, इमारती, खुणेचे खांब दुरुस्त करते. फार सुंदर काम आहे ते. पण फायरमन, म्हणजे इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारा, व्हायचं मनात धरून तिथे गेलात तर निराश व्हाल. आधी विचारलं की दोन्ही बाजूंचा मनस्ताप वाचतो.

भाषेचाही थोडा घोळ होतो. आपल्याकडे ड्रायव्हर, गार्ड हे शब्द रुळलेले आहेत, ते ब्रिटिश पद्धतीचे. अमेरिकेत ड्रायव्हरला इंजिनियर म्हणतात, आणि गार्डाच्या जागी कंडक्टर असतो. फायरमन मात्र दोन्हीकडे फायरमनच.

कुठल्या खात्यात जायचं

अर्ज भरताना दहापैकी आठ जण 'इंजिन' लिहितात. रेल्वेला गरज असते ती रुळांवर, गटारांत, झुडपं तोडायला, डब्यांच्या लाकूडकामाला, तिकीट खिडकीवर, सिग्नलच्या केबिनमध्ये, जुनी कागदपत्रं लावायला. इंजिन एक असतं, त्याच्या मागे डबे सहा असतात आणि खाली रूळ कित्येक किलोमीटर.

माझं प्रामाणिक मत विचाराल तर पहिले काही महिने रुळांच्या गँगबरोबर काढा. स्लीपर, म्हणजे रुळांखालचा आडवा ओंडका, बदलताना खडी उकरायची, खिळे किंवा स्क्रू सोडवायचे, कुजलेला स्लीपर आडवा ओढून काढायचा, नवा सरकवायचा, खाली खडी ठासायची. एका स्लीपरला सुरुवातीला तासभर जातो आणि पाठ बोलायला लागते. पण त्या तासात रूळ म्हणजे काय ते कळतं: पाणी साचलं की खडीत चिखल होतो, चिखल झाला की स्लीपर गाडीखाली वरखाली हलतो, हलला की सांध्याशी रूळ वाकतो. पुढे कधी फुटप्लेटवर, म्हणजे इंजिनात ड्रायव्हर आणि फायरमन उभे राहतात त्या जागी, उभे राहाल तेव्हा पायाखालचा प्रत्येक हेलकावा तुम्हाला ओळखीचा वाटेल, आणि तो कुठे, का बसला ते सांगता येईल. जे ड्रायव्हर आधी गँगमध्ये होते ते गाडी हळुवार चालवतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

कागदपत्रं, तपासणी, वय

संस्थेचं सभासदत्व घ्यावं लागतं, बहुधा त्यातच विम्याची सोय असते. रुळांजवळ किंवा गाडीवर काम करायचं तर वैद्यकीय तपासणी होते: दृष्टी, कान आणि रंगओळख. लाल-हिरवा ओळखण्यात अडचण असेल तर गाडी चालवण्याशी संबंधित कामं मिळत नाहीत. कारखान्यात, डब्यांवर, तिकीटघरात, संग्रहालयात मात्र दार उघडं असतं, त्यामुळे ही गोष्ट लपवू नका. वयाची अट प्रत्येक देशात आणि प्रत्येक रेल्वेवर वेगळी असते. वयाची वरची मर्यादा क्वचितच आडवी येते. निवृत्तीनंतर सुरू करून उत्तम सिग्नलमन झालेली माणसं प्रत्येक रेल्वेवर भेटतील.

दारूबाबत नियम कडक आहे आणि तसाच असायला हवा. पहाटे चारला पाळी असेल तर आदल्या रात्रीही घ्यायची नाही.

कपडे

सुती बॉयलर सूट, पोलादी टोपणाचे घोट्याच्या वर येणारे बूट, चामड्याचे हातमोजे, टोपी. नायलॉन, पॉलिस्टर अंगावर नको. ठिणगी पडली तर सुती कापड जळतं, पण कृत्रिम धागा वितळून कातडीला चिकटतो. अंगठी, सैल साखळी, लोंबणारा गमछा घरी ठेवा. लाल किंवा हिरवं जर्किनही घालू नका: लांबून ते झेंड्यासारखं दिसू शकतं. रुळांवर रेल्वे देईल ते चमकदार जाकीट. धुराड्याखालची पेटी, म्हणजे स्मोकबॉक्स, रिकामी करताना नाकातोंडावर चांगला मास्क हवाच. ती काळी भुकटी फुप्फुसात बसते. आणि जुन्या इंजिनावर बॉयलरभोवती पांढरट, तंतुमय वेष्टण उघडं दिसलं तर त्याला हात न लावता लगेच सांगा. ते ॲस्बेस्टॉस असू शकतं.

रुळांवर कसं चालायचं

पहिल्या दिवशी हे शिकवतात, आणि शिकवलं नाही तर तिथून परत या.

रूळ ओलांडायचे ते काटकोनात, दोन्हीकडे बघून. रुळाच्या माथ्यावर पाय द्यायचा नाही, त्यावरून ओलांडायचं. दवाने आणि तेलाने तो माथा बर्फासारखा निसरडा असतो. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते तिथल्या हलत्या पात्यांमध्ये पाऊल ठेवायचं नाही. उभ्या डब्याच्या अगदी टोकाला लागून रूळ ओलांडायचा नाही, बरंच अंतर सोडून मगच. दोन डब्यांमधल्या अरुंद फटीतून तर कधीच नाही.

वाफेची गाडी लांबून ऐकू येते असं सगळ्यांना वाटतं. चढावर धाप टाकत येते तेव्हा येते. वाफ बंद करून उतारावर घरंगळत येणारं इंजिन, किंवा शंटिंगमध्ये, म्हणजे डबे इकडून तिकडे लावताना, ढकललेला एकटा डबा, जवळजवळ काही आवाज न करता येतो. म्हणून कान नव्हे, डोळे. सकाळी रुळांवर पाऊल ठेवण्याआधी त्या दिवशी कुठली गाडी कधी येणार ते विचारून घ्या, आणि तरीही प्रत्येक वेळी गाडी येतेच आहे असं समजून बघा.

जोडणी करायला दोन वाहनांच्या मध्ये जाण्याआधी ड्रायव्हरला सांगायचं आणि त्याचं उत्तर स्वतःच्या कानांनी ऐकायचं. त्याने बघितलंच असेल असं धरायचं नाही. बाहेर आल्यावर आलो म्हणून सांगायचं. तोवर तो इंजिन हलवत नाही, हा तुमच्या दोघांमधला करार आहे.

खुणा प्रत्येक रेल्वेच्या नियमपुस्तकात असतात आणि त्या पाठच कराव्या लागतात. अमेरिकन पद्धतीत कंदील रुळांना आडवा हलवला की थांबा, वरखाली केला की पुढे, गोल फिरवला की मागे. दोन लांब, एक आखूड, एक लांब ही शिट्टी रस्ता जिथे रूळ ओलांडतो तिथल्यासाठी. ब्रिटिश पद्धत वेगळी. दुसऱ्या रेल्वेवर शिकलेली खूण इथे चालेल असं कधी गृहीत धरू नका. आणि खुणा करणारा माणूस दिसेनासा झाला की ड्रायव्हरने थांबायचं, हा नियम मात्र सगळीकडे एकच.

चिंधी

आता ज्यासाठी लिहायला बसलो तिथे येतो.

इंजिन पुसायचं म्हणजे ते चकचकीत करायचं, असा समज असतो. चकाकी हा त्यातला फायदा. पुसण्याचं खरं कारण हे, की धातूवरून हात फिरल्याशिवाय धातूला काय झालंय ते कळत नाही. चाकांचे आरे, चाकं एकमेकांना जोडणारे साइड रॉड, पिस्टनचा दांडा, झडपा हलवणारी सगळी कड्यांची गुंफण: तेल आणि काजळीच्या थराखाली एखादी केसासारखी बारीक भेग सहज लपते. थर निघाला की दिसते.

माझ्या तिसऱ्या की चौथ्या पाळीची गोष्ट. एका नटाच्या बुडाशी तांबूस, कुंकवासारखी बारीक भुकटी जमलेली होती. मी ती नीट पुसून काढली, वरून तेलाचा हात फिरवला, आणि भाग स्वच्छ दिसतोय म्हणून पुढे सरकलो. थोड्या वेळाने शेडचे प्रमुख फेरी मारत आले आणि सहज विचारलं, "इकडे काही दिसलं का?" मी म्हटलं, थोडा गंज होता, काढला. ते थांबले. कुठे ते दाखवायला लावलं. पाना आणला आणि नट तपासला; तो सैल झाला होता. घट्ट बसलेल्या जोडावर अशी भुकटी होत नाही. दोन पृष्ठभाग एकमेकांवर सूक्ष्म घासत राहिले की ती होते. म्हणजे जोड हलतोय हे इंजिन सांगत होतं, आणि मी ते पुसून टाकलं होतं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "पुसायच्या आधी बघायचं. मग सांगायचं. मग पुसायचं."

तेव्हापासून मी हाच क्रम ठेवला आहे. तुम्हीही ठेवा. डाव्या हातात बॅटरी, उजव्या हातात चिंधी. एक भाग घ्या, आधी उजेड टाका. नटातून आरपार जाणारी दुपाखी पिन जागेवर आहे का? तेलाच्या डबीचं झाकण बसलेलं आहे का? रंगात कुठे रेघ उमटली आहे का? पाण्याच्या नळीच्या जोडाखाली पांढरट ओघळ आहे का? तो गळतीचा. मग पुसा. वरून खाली पुसत या, नाहीतर वरची घाण पुन्हा खालच्या पुसलेल्या भागावर येते. आणि सुरुवातीला एक नियम पाळा: भागाचं नाव माहीत झाल्याशिवाय तो भाग सोडायचा नाही. कुणालाही विचारा. या प्रश्नाचा कंटाळा आलेला रेल्वेवाला मी अजून पाहिलेला नाही.

इथेच वंगणाशी ओळख होते. सिलिंडरात जाणारं तेल जाड, काकवीसारखं. वाफेच्या उष्णतेत टिकणारं. बेअरिंगचं तेल पातळ. दोन्हींच्या झाऱ्या वेगळ्या, आणि त्या कधीच अदलाबदल करायच्या नाहीत. पुष्कळ जुन्या इंजिनांवर तेलाच्या डबीत लोकरीच्या धाग्याची वात असते. तारेवर गुंडाळलेली, एक टोक तेलात, दुसरं नळीत सोडलेलं. समईतली वात जशी तेल वर ओढते, तशीच ही ओढते आणि थेंब-थेंब बेअरिंगवर सोडते. धागे कमी झाले तर बेअरिंगला तेल कमी पडतं, जास्त झाले तर तेल भराभर जाऊन डबी लवकर रिकामी होते, आणि फारच झाले तर वात नळीत घट्ट बसून तेल अडवते. ही वात वळायला शिकणं मला कुठल्याही शाळेतल्या धड्यापेक्षा जास्त आवडलं.

पहाटेची पाळी: इंजिन पेटवणं

पुसण्यात हात बसला की कुणीतरी म्हणेल, "उद्या पेटवायला या." म्हणजे पहाटे तीन-चारला. गार बॉयलर घाईने तापवायचा नसतो. पोलाद आणि तांबं वेगवेगळ्या वेगाने प्रसरण पावतं, घाई केली तर नळ्यांचे जोड गळायला लागतात. म्हणून कित्येक तास लागतात, आणि बराच काळ थंड उभं असलेलं मोठं इंजिन असेल तर आदल्या दिवसापासूनच हलकी आग ठेवतात.

काडी ओढण्याआधीचा क्रम महत्त्वाचा. हाताचा ब्रेक आवळलेला हवा. रेग्युलेटर, म्हणजे वाफ सिलिंडरात सोडणारा दांडा, बंद. गिअर, म्हणजे इंजिन पुढे जाणार की मागे ते ठरवणारा दांडा, मधोमध. सिलिंडरचे निचरा-नळ उघडे, म्हणजे चुकून वाफ शिरलीच तर बाहेर जाईल, चाकं फिरणार नाहीत. मग बॉयलरमधलं पाणी: काचेच्या नळीत दिसतं का, आणि ती पातळी खरी आहे का. मग भट्टीत डोकावून बघायचं, बॅटरी घेऊन: नळ्यांच्या तोंडाशी, वरच्या पत्र्यावर, पाणी कमी पडलं की वितळणाऱ्या शिशाच्या सुरक्षा-प्लगपाशी कुठे ओल आहे का. कालची राख, चिकटलेलं क्लिंकर काढायचं. क्लिंकर म्हणजे वितळून गोठलेल्या राखेचे काचेसारखे चापट तुकडे. जाळीवर बसले की खालून हवा येणं बंद होतं. राखेच्या खालच्या पेटीतलीही राख काढायची. हे सगळं झालं की कोळशाचा पातळ थर, त्यावर तेलात भिजवलेल्या चिंध्या आणि लाकडं. कालपर्यंत ज्यांनी पुसलं, त्याच चिंध्या आज आग धरतात.

पहिला तास धुराचा आणि शांततेचा. मग बॉयलर कुठेतरी 'टक्' करतो. पत्रा कोमट लागायला लागतो. दाबाच्या काट्याकडे बघत बसू नका, तो हलायला फार वेळ घेतो. त्या वेळात तेल घालून घ्या.

पाणी

वाफेच्या इंजिनावर आग भीतिदायक दिसते, पण माणसं मरतात ती पाण्याच्या चुकीने. भट्टीच्या छताला क्राउन शीट म्हणतात. त्याच्या खाली आग, वर पाणी. पाणी आहे तोवर पत्रा सुरक्षित, कारण उष्णता पाण्यात जाते. पातळी उतरून छत उघडं पडलं की काही मिनिटांत पत्रा लाल होऊन मऊ पडतो आणि वरचा दाब त्याला खाली ढकलतो. बॉयलरमधलं पाणी दाबाखाली उकळबिंदूच्या खूप वर असतं. दाब सुटला की त्यातलं पुष्कळसं पाणी क्षणात वाफ होतं, आणि मोकळ्या हवेत वाफेला पाण्याच्या सोळाशेपटीहून अधिक जागा लागते.

१६ जून १९९५ रोजी पेनसिल्व्हेनियात गेटिसबर्ग रेलरोडच्या १२७८ क्रमांकाच्या इंजिनावर हेच झालं. पर्यटकांची गाडी होती. पाणी कमी पडलं, क्राउन शीट तापून खाली आली आणि फुटप्लेटवरचे तिघे जण भाजले. पत्र्याला धरणाऱ्या खिळ्यांची रचना अशी होती की पत्रा टप्प्याटप्प्याने सुटला, एकदम स्फोट झाला नाही. म्हणून ते वाचले. तपासात दिसलं की पाणी दाखवणाऱ्या काचेच्या वाटा क्षाराने बुजत आल्या होत्या. काच पाणी दाखवत होती, ते खरं नव्हतं. पुढे अमेरिकेतले बॉयलरचे नियम नव्याने लिहिले गेले. आज तिथे दर ३१ कामाच्या दिवसांनी तपासणी असते, आणि १,४७२ कामाचे दिवस किंवा १५ वर्षं, यातलं जे आधी येईल तेव्हा बॉयलर पूर्ण उघडून तपासावा लागतो.

म्हणून काचेवर नुसता विश्वास ठेवायचा नाही, ती फुंकून बघायची. खालचा निचऱ्याचा नळ उघडला की काचेतलं पाणी जातं. वरची वाफेची वाट आणि खालची पाण्याची वाट आळीपाळीने मोकळी आहे का ते आवाजाने कळतं. निचरा बंद केला की पाणी उसळून आपल्या पातळीला यायला हवं. सावकाश, आळसावल्यासारखं चढलं तर वाट बुजते आहे. तेव्हाच्या तेव्हा ड्रायव्हरला सांगा. हे कुणाच्या तरी शेजारी उभं राहून शिकायचं काम आहे, वाचून एकट्याने करायचं नाही.

फावडं

फावडं मारणं ताकदीचं काम कमी, नजरेचं जास्त. थोडं थोडं आणि वरचेवर, हाच मंत्र. भट्टीचं दार उघडून डोळे दिपतील असा पांढरा जाळ दिसला की जिथे तो विरळ झालाय तिथेच कोळसा टाकायचा. मागच्या कोपऱ्यांत आणि दाराच्या खाली बहुतेकांचा कोळसा पोचत नाही. फावड्याचं पातं दारातून आत गेल्यावर मनगट वळवलं की कोळसा बाजूला जातो. रिकाम्या चौकटीवर, आग नसताना, याचा सराव करा. धुराड्यातून काळा धूर निघाला म्हणजे न जळलेला कोळसा आभाळात चालला आहे. छायाचित्र काढणाऱ्यांना तो आवडतो, फायरमनला आवडू नये. आणि स्टेशनात उभं असताना सुरक्षा-झडप सारखी उडत असेल तर तयार केलेली वाफ फुकट जाते आहे.

आणखी एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. ड्रायव्हर रेग्युलेटर बंद करणार, किंवा बोगदा येणार, की त्याच्या आधी ब्लोअर उघडायचा. ब्लोअर धुराड्याकडे वाफेचा झोत सोडून आगीला आतल्या बाजूला ओढतो. तो नसेल तर जाळ उलटा फिरून दारातून फुटप्लेटवर येतो, जिथे तुमचं तोंड असतं.

वर कधी जाता येतं

सफाईवाला, शिकाऊ फायरमन, फायरमन, मग ड्रायव्हर. प्रत्येक पायरीला ठरलेल्या पाळ्या, तोंडी परीक्षा, प्रत्यक्ष परीक्षा. वर्षं लागतात, आणि ती लागणंच बरोबर आहे. परीक्षक तुमची हुशारी बघतात, पण त्याआधी बघतात तो हजेरीचा कागद. नाव लिहिलं त्या दिवशी आलात का? येणार नसाल तर आधी कळवलंत का? एक फायरमन आला नाही तर ती गाडी सुटत नाही, फलाटावर पोराबाळांसह उभी असलेली माणसं परत जातात. जमतील तेवढेच दिवस द्या, दिलेत ते पाळा.

दिवस संपताना

गाडी परतली की काम संपत नाही. आग कमी करायची, राख काढायची, बॉयलर भरून ठेवायचा, इंजिन जागेवर लावून हाताचा ब्रेक आवळायचा, गिअर मधोमध, निचरा-नळ उघडे. दमलेले असता, हात काळे, घशाला कोरड. इथेच लोक घाई करतात. तरी चिंधी घेऊन एक फेरी मारा, कारण दिवसभर पळून तापलेल्या इंजिनावर जे दिसतं ते सकाळी थंड झाल्यावर दिसत नाही: एखादं बेअरिंग शेजारच्यापेक्षा गरम लागतं, एखाद्या जोडातून वाफेचा बारीक धागा निघत असतो.

मग शेडमधल्या दोषांच्या वहीत लिहा. तारीख, इंजिनाचा क्रमांक, कुठली बाजू, कितवं चाक, काय दिसलं. 'आवाज येतो' असं लिहू नका. 'डावीकडचं मागचं चाक, एका फेऱ्यात एकदा ठोका, वाफ बंद असतानाही' असं लिहा. कारण ठरवू नका, दिसलं तेवढंच. काही दिसलं नसेल तर तसं लिहून सही करा. पहाटे पेटवायला येणारा माणूस दिवा लावून आधी ती वही उघडतो.